हबशाची हिजरत: मदीनेच्या आधीची ही गोष्ट आपण मुलांना सांगतो का?

मुहर्रमचा चंद्र दिसला की नवं हिजरी साल सुरू होतं. त्या दिवसांत मशिदीत बयान होतं, मकतबमध्ये उस्ताद मुलांना हिजरतची गोष्ट सांगतात. घरी आल्यावर मुलाला विचारा, "बेटा, हिजरत म्हणजे काय?" उत्तर लगेच येतं. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) मक्केहून मदीनेला गेले, वाटेत सौरच्या गुहेत थांबले, सोबत हजरत अबू बक्र (रजि.) होते. उत्तर बरोबरच आहे. पण मदीनेच्या आधीही एक हिजरत झाली होती, असं म्हटलं की मुलंच काय, बरेच मोठेही बुचकळ्यात पडतात.

ही हिजरत हबशाची. हबशा म्हणजे आजचा इथियोपिया आणि इरिट्रिया. साल इसवी सन 615, म्हणजे मदीनेच्या हिजरतच्या सात वर्षं आधी. मुसलमानांनी दीनसाठी पहिल्यांदा घरदार सोडलं ते या वेळी. ज्या देशात ते गेले तिथली भाषा वेगळी, माणसांचा रंग वेगळा, आणि राजा ख्रिस्ती. तरीही प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः तोच देश सुचवला. असं का केलं असेल, तिथे काय घडलं आणि आज आपल्या घरात ही गोष्ट का सांगायला हवी, ते या लेखात सविस्तर पाहू या.

मक्केत राहणं अवघड का झालं?

इसवी सन 610 मध्ये रमजान महिन्यात हिराच्या गुहेत पहिली वही उतरली. पहिली सुमारे तीन वर्षं दावतचं काम शांतपणे, ओळखीच्या माणसांत चाललं. मग सफाच्या टेकडीवरून प्रेषितांनी (सल्ल.) उघडपणे हाक दिली आणि कुरैशचे सरदार बिथरले.

त्यांचा राग फक्त मूर्तींसाठी नव्हता. काबागृहामुळे सगळ्या अरबस्तानातून लोक मक्केत येत, त्यावर कुरैशचा मान आणि व्यापार दोन्ही चालत असे. शिवाय हा नवा संदेश म्हणत होता की गुलाम आणि मालक अल्लाहसमोर सारखे, अनाथाचा माल खाऊ नका, मुलीला जिवंत पुरू नका. ज्यांची सगळी प्रतिष्ठा कुळावर आणि पैशावर उभी होती त्यांना हे कसं पचणार?

त्या काळच्या मक्केत पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. माणसाचं रक्षण करायचं ते त्याच्या कबिल्याने. कुणी हात उगारला तर आख्खा कबिला बदला घ्यायला उभा राहायचा. पण मारणाराच आपला चुलता असेल, कोंडून ठेवणारी आपलीच आई असेल, तर दाद कुणाकडे मागायची? आणि ज्याला कबिलाच नाही, त्या गुलामाला तर विचारणारं कुणीच नाही.

हजरत बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला जायचा. हजरत खब्बाब (रजि.) लोहारकाम करत, त्यांना निखाऱ्यांवर झोपवलं. हजरत सुमय्या (रजि.) यांना अबू जहलने ठार केलं. इस्लामची पहिली शहीद एक वयस्कर, गरीब बाई आहे, हे आपण विसरू नये. मोठ्या घरातल्या मुलांचेही हाल होते. मुसअब बिन उमैर (रजि.) हे मक्केतले लाडात वाढलेले, उंची कपडे घालणारे तरुण. त्यांच्या आईनेच त्यांना घरात बंद केलं.

प्रेषितांना (सल्ल.) स्वतःला चुलते अबू तालिब यांचा आधार होता. पण साथीदारांना कसं वाचवायचं? मक्का शहर त्यांच्या हातात नव्हतं. नबुव्वतच्या पाचव्या वर्षी त्यांनी साथीदारांना सांगितलं की तुम्ही हबशाच्या भूमीकडे जा, तिथल्या राजाच्या राज्यात कुणावर जुलूम होत नाही.

हबशाच का?

तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की ही निवड किती विचारपूर्वक होती ते कळतं. उत्तरेला शाम म्हणजे सीरिया, तिथे रोम आणि इराण यांचं मोठं युद्ध पेटलेलं. इराणी फौजांनी 613 मध्ये दमिश्क घेतलं आणि 614 मध्ये जेरुसलेम. कुरआनच्या सूरह रूममध्ये रोमच्या ज्या पराभवाचा उल्लेख येतो, तो याच काळातला. दक्षिणेला यमन इराणच्या ताब्यात होतं. जवळच्या ताइफमध्ये सकीफ कबिला, त्याचे कुरैशशी जुने संबंध. अरबस्तानातला बाकीचा कोणताही कबिला कुरैशची नाराजी ओढवून घ्यायला तयार झाला नसता, कारण दरवर्षी काबागृहाला यायचं होतं.

उरला लाल समुद्रापलीकडचा हबशा. अक्सूमचं हे राज्य जुनं आणि बलाढ्य होतं. चौथ्या शतकात राजा एझाना याच्या काळात तिथे ख्रिस्ती धर्म आला. अक्सूमची स्वतःची सोन्याची नाणी होती आणि अदूलीस या बंदरातून दूरदूरचा व्यापार चालायचा. मक्केचे व्यापारीही तिथे जात, त्यामुळे वाट ओळखीची होती. तिथल्या राजाला अरब लोक नजाशी म्हणत. हे नाव नसून पदवी आहे. आपल्या या गोष्टीतल्या नजाशींचं नाव परंपरेत असहमा असं येतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. याच हबशाच्या सत्तेचा यमनमधला सरदार अबरहा हत्ती घेऊन काबागृहावर चालून आला होता. सूरह फीलमध्ये तोच प्रसंग आहे. म्हणजे मक्केच्या लोकांच्या मनात हबशाबद्दल कडवट आठवण असणारच. तरीही प्रेषितांनी (सल्ल.) एका सरदाराच्या चुकीवरून सगळ्या देशाला वाईट ठरवलं नाही. आत्ताचा राजा न्यायी आहे ना, मग तिथे जा, एवढाच त्यांचा हिशोब होता.

शुऐबाच्या किनाऱ्यावरून

615 च्या रजब महिन्यात पहिला जथा निघाला. अकरा-बारा पुरुष आणि चार स्त्रिया. कुणी पायी, कुणी स्वार, गुपचूप शुऐबा बंदरापर्यंत आले. तिथे नशिबाने दोन व्यापारी गलबतं उभी होती, त्यात बसून ते पलीकडे गेले. कुरैशची माणसं पाठलाग करत किनाऱ्यावर पोचली तोवर गलबतं निघून गेली होती.

यात कोण होतं ते पाहा. हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या (सल्ल.) कन्या हजरत रुकय्या (रजि.). हजरत अबू सलमा आणि हजरत उम्मे सलमा (रजि.). जुबैर बिन अव्वाम, अब्दुर्रहमान बिन औफ, उस्मान बिन मजऊन, मुसअब बिन उमैर (रजि.). अबू हुजैफा (रजि.), ज्यांचे वडील उतबा कुरैशचे मोठे सरदार. त्यांच्या पत्नी सहला (रजि.), ज्यांचे वडील सुहैल बिन अम्र हेही सरदारच. पुढे अबू सुफियान यांची मुलगी उम्मे हबीबा (रजि.) याही हबशाला गेल्या.

म्हणजे इस्लामला सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्यांचीच मुलं-मुली घर सोडून चालली होती. कुरैशला ही गोष्ट का झोंबली असेल ते आई-बापांना वेगळं सांगायला नको. आणि प्रेषितांनी (सल्ल.) इतरांच्या मुलांना पाठवलं आणि आपल्या मुलीला जवळ ठेवलं, असं झालं नाही. पहिल्याच गलबतात त्यांची लेक होती.

बिलाल, खब्बाब (रजि.) यांची नावं मात्र या यादीत दिसत नाहीत. गुलामाला किंवा ज्याच्यामागे कुणी नाही अशा माणसाला मक्केतून बाहेर पडणंही सोपं नव्हतं.

खोटी बातमी

दोन-तीन महिन्यांतच हबशात बातमी आली की मक्केचे लोक मुसलमान झाले. बातमीच्या मागे एक खरा प्रसंग होता. प्रेषितांनी (सल्ल.) काबागृहाजवळ सूरह नज्मची तिलावत केली आणि शेवटी सजदा केला, तेव्हा ऐकणारे मुश्रिकही भारावून सजद्यात गेले. ही गोष्ट समुद्रापलीकडे पोचेपर्यंत तिचं रूप पालटलं होतं. काही जण आनंदाने परत निघाले. मक्केजवळ आल्यावर कळलं की काहीच बदललेलं नाही. काही जण परत फिरले, काही जण कुणाचं तरी संरक्षण घेऊन शहरात शिरले.

उस्मान बिन मजऊन (रजि.) यांनी वलीद बिन मुगीरा या सरदाराचं संरक्षण घेतलं. त्यांना कुणी हात लावेना. पण आपले भाऊ मार खातायत आणि आपण मात्र मुश्रिकाच्या सावलीत सुखाने फिरतोय, हे त्यांना सहन होईना. त्यांनी सगळ्यांसमोर ते संरक्षण परत केलं. त्यानंतर एका मजलिसमध्ये वाद झाला आणि कुणीतरी त्यांच्या डोळ्यावर ठोसा मारला. वलीद म्हणाले, माझ्या संरक्षणात असतास तर डोळा वाचला असता. त्यावर उस्मान (रजि.) यांचं म्हणणं असं की माझ्या दुसऱ्या डोळ्यालाही अल्लाहच्या वाटेत हेच हवं आहे.

छळ वाढतच गेला. मग दुसरा, मोठा जथा निघाला. मुलं सोडून त्र्याऐंशीच्या आसपास पुरुष आणि अठरा-एकोणीस स्त्रिया. या सगळ्यांचे पुढारी होते जाफर बिन अबी तालिब (रजि.), हजरत अली (रजि.) यांचे थोरले भाऊ. वय पंचविशीच्या आसपास. सोबत पत्नी अस्मा बिन्त उमैस (रजि.).

कुरैशचे दूत नजराणे घेऊन आले

एवढी माणसं निसटली आणि तिथे सुखाने राहू लागली, हे कुरैशला परवडणारं नव्हतं. त्यांनी दोन हुशार माणसं निवडली, अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ. हबशाच्या लोकांना मक्केचं कातडी सामान फार आवडायचं. म्हणून राजासाठी आणि दरबारातल्या प्रत्येक धर्मगुरूसाठी उत्तम कातड्याचे नजराणे गोळा केले.

डाव नीट आखलेला होता. आधी प्रत्येक धर्मगुरूला भेटून नजराणा द्यायचा. सांगायचं की आमच्यातली काही अविचारी पोरं पळून आलीत, त्यांनी आमचाही धर्म सोडला आणि तुमचाही घेतला नाही. आम्ही राजाकडे त्यांना मागू, तेव्हा तुम्ही हो म्हणा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, राजाने त्या लोकांचं ऐकून घेता कामा नये.

ही सगळी हकीकत आपल्याला कळते ती हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या तोंडून. पुढे त्या उम्महातुल मोमिनीनपैकी एक झाल्या. इब्ने इसहाक यांनी त्यांची रिवायत नोंदवली आणि इब्ने हिशाम यांच्या सीरतमध्ये ती आपल्यापर्यंत आली. स्वतः तिथे असलेल्या एका बाईने हे पाहिलं आणि लक्षात ठेवलं, म्हणून आज आपण वाचतोय.

दरबारात ठरल्याप्रमाणे झालं. दूत बोलले, धर्मगुरूंनी माना डोलावल्या. पण नजाशी रागावले. ज्या लोकांनी इतर राजांना सोडून माझा आसरा घेतला, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी त्यांना कुणाच्या हवाली करणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दोन्ही बाजू ऐकायच्या, मग निकाल द्यायचा. आज कोर्टाचा हाच नियम आपण गृहीत धरतो. त्या काळात एका राजाने परक्या, निराधार माणसांसाठी तो पाळला.

जाफर (रजि.) काय बोलले?

मुसलमानांच्या वतीने जाफर (रजि.) उभे राहिले. त्यांच्या भाषणाचा आशय असा. हे राजा, आम्ही अज्ञानात जगणारे लोक होतो. मूर्ती पूजत होतो, मेलेलं खात होतो, नाती तोडत होतो, शेजाऱ्याशी वाईट वागत होतो. आमच्यातला बलवान दुबळ्याला गिळत होता. मग अल्लाहने आमच्यातूनच एक प्रेषित उभा केला, ज्याचं घराणं, सच्चाई आणि अमानतदारी आम्हाला माहीत होती. त्याने एका अल्लाहची इबादत शिकवली. खरं बोला, अमानत परत करा, नाती जपा, शेजाऱ्याशी नीट वागा, रक्तपात थांबवा, अनाथाचा माल खाऊ नका, असं सांगितलं. आम्ही ते मानलं म्हणून आमच्याच लोकांनी आमचा छळ केला. तेव्हा आम्ही तुमचा देश निवडला, आणि इथे आमच्यावर जुलूम होणार नाही अशी आशा आहे.

आपला दीन काय आहे, असं परक्या माणसाने विचारलं तर काय सांगायचं, याचा हा धडा आहे. जाफर (रजि.) यांनी समोरच्याच्या धर्मात चुका काढल्या नाहीत. आम्ही काय होतो आणि काय झालो, हे सांगितलं. त्यात शेजारी आला, अनाथ आला, खरं बोलणं आलं.

मग नजाशींनी विचारलं, तुमच्या प्रेषितावर जे उतरलं त्यातलं काही आहे का? जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमची सुरुवात म्हणून दाखवली. हजरत जकरिया, हजरत यह्या, हजरत मरयम आणि हजरत ईसा (अलै.) यांची हकीकत. ऐकता ऐकता राजाची दाढी आसवांनी भिजली, धर्मगुरूही रडले. हा संदेश आणि ईसा (अलै.) यांनी आणलेला संदेश एकाच दिव्यातून आले आहेत, अशा अर्थाचं बोलून नजाशींनी दूतांना परत पाठवलं.

त्या रात्रीची चिंता

गोष्ट इथे संपली नाही. अम्र बिन आस म्हणाले, उद्या मी असं काही सांगेन की यांची मुळंच उखडतील. त्यांच्या साथीदाराला दया आली. तो म्हणाला, असू दे, शेवटी आपलेच नातेवाईक आहेत. पण अम्र ऐकेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजाला सांगितलं की हे लोक ईसाबद्दल फार भयंकर बोलतात, त्यांना विचारून बघा.

बोलावणं आलं. उम्मे सलमा (रजि.) सांगतात की अशी वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. सगळे एकत्र जमले. राजा ख्रिस्ती, दरबार ख्रिस्ती, आणि प्रश्न नेमका तोच. एक शब्द गोड करून सांगितला तर जीव वाचेल. खरं सांगितलं तर कदाचित त्याच संध्याकाळी साखळदंड घालून मक्केच्या गलबतात बसवतील. सोबत बायका आहेत, लहान मुलं आहेत. काय करायचं?

मशवरा झाला आणि ठरलं की अल्लाहने जे सांगितलं आणि प्रेषितांनी (सल्ल.) जे शिकवलं तेच बोलायचं, मग जे व्हायचं ते होवो.

दरबारात जाफर (रजि.) यांनी सांगितलं की ईसा (अलै.) अल्लाहचे बंदे आहेत, त्याचे प्रेषित आहेत, त्याचा शब्द आणि त्याच्याकडून आलेला रूह आहेत, आणि पवित्र मरयमचे पुत्र आहेत. त्यांनी काही लपवलं नाही आणि उगाच बोचेल असंही काही म्हटलं नाही. नजाशींनी जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाले की तू सांगितलंस त्यात आणि ईसामध्ये या काडीएवढाही फरक नाही. दरबारातले लोक नाराज होऊन कुजबुजू लागले, राजाने पर्वा केली नाही. नजराणे परत केले. अल्लाहने मला माझं राज्य परत दिलं तेव्हा माझ्याकडून लाच घेतली नव्हती, मग मी कशी घेऊ, असं ते म्हणाले. सीरतच्या ग्रंथांत येतं की वडिलांच्या खुनानंतर लहानपणी नजाशींना गुलाम म्हणून विकलं गेलं होतं. ज्याने स्वतः अन्याय भोगला, त्याला दारात आलेल्या मजलूमांची किंमत कळली.

आणि ते अम्र बिन आस? पुढे हिजरी सन 8 मध्ये तेच मदीनेत येऊन मुसलमान झाले, आणि इजिप्तची मोहीम त्यांच्याच हातून झाली. म्हणून आज विरोधात असलेल्या माणसाबद्दल शेवटचा निकाल देण्याची घाई आपण करू नये.

परक्या देशातला संसार

मुहाजिर हबशात पाहुणे म्हणून चार दिवस राहिले नाहीत. जाफर (रजि.) आणि बरेच जण तेरा वर्षांच्या आसपास तिथे राहिले. तिथे त्यांचे संसार झाले, मुलं जन्मली. जाफर आणि अस्मा (रजि.) यांचा मुलगा अब्दुल्लाह तिथलाच. दुःखही झालं. उम्मे हबीबा (रजि.) यांचे पती उबैदुल्लाह बिन जहश तिथे ख्रिस्ती झाले आणि तिथेच वारले. परक्या देशात ही बाई आपल्या दीनवर एकटी टिकून राहिली. पुढे प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना निकाहचा पैगाम पाठवला. नजाशींनी तो निकाह लावून दिला आणि मेहरची रक्कमही स्वतः दिली.

एकदा नजाशींच्या गादीवर दावा सांगत एक जण उठला. मुसलमान फार घाबरले, कारण नवा राजा आपला हक्क ओळखेल याची खात्री नव्हती. लढाई नदीच्या पलीकडे होती. बातमी कोण आणणार? जुबैर (रजि.) त्यांच्यातले सगळ्यात तरुण. फुगवलेली पखाल छातीखाली बांधून ते नदी पोहून गेले. इकडे सगळे मुसलमान नजाशींच्या विजयासाठी दुआ करत बसले. जुबैर (रजि.) लांबूनच कापड हलवत, खुशखबर ओरडत आले. उम्मे सलमा (रजि.) सांगतात की त्या दिवसासारखा आनंद आम्हाला कधी झाला नव्हता.

ज्या देशात राहतो तिथल्या न्यायी कारभाराचं भलं चिंतणं, त्याच्यासाठी दुआ करणं, आणि आपल्या दीनमध्ये तसूभरही मागे न येणं. सहाबांनी या दोन्ही गोष्टी एकत्र करून दाखवल्या.

'तुमच्या दोन हिजरती'

हिजरी सन 7 मध्ये, म्हणजे 628 मध्ये, जाफर (रजि.) आणि बाकीचे लोक गलबताने मदीनेला आले. तेव्हा खैबरची मोहीम नुकतीच फत्ते झाली होती. प्रेषितांनी (सल्ल.) जाफर (रजि.) यांना कवटाळलं. खैबर जिंकल्याचा आनंद मोठा की जाफर आल्याचा, हेच कळत नाही, असं ते म्हणाले. जाफर (रजि.) यांना पुढे फार दिवस मिळाले नाहीत. दुसऱ्याच वर्षी मूताच्या लढाईत ते शहीद झाले.

मदीनेत एके दिवशी अस्मा (रजि.) हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे बसल्या होत्या. हजरत उमर (रजि.) आले आणि बोलता बोलता म्हणाले की हिजरतमध्ये आम्ही तुमच्या पुढे गेलो. अस्मा (रजि.) यांना राग आला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तुम्ही प्रेषितांच्या (सल्ल.) जवळ होतात, ते तुमच्यातल्या भुकेल्याला खाऊ घालत, अजाणाला शिकवत. आम्ही दूर परक्या मुलखात होतो, तेही अल्लाह आणि प्रेषितांसाठीच. हे मी त्यांना विचारल्याशिवाय घासही खाणार नाही. आणि त्या खरंच गेल्या. प्रेषितांनी (सल्ल.) सांगितलं की उमर आणि त्यांच्या सोबत्यांची एक हिजरत, आणि तुम्हा गलबतवाल्यांच्या दोन. ही हदीस सहीह बुखारीत आहे. नंतर गलबतातून आलेले लोक गटागटाने अस्मा (रजि.) यांच्याकडे येऊन हेच पुन्हा पुन्हा ऐकायचे. इतक्या वर्षांच्या परदेशातल्या कष्टाची कुणीतरी दखल घेतली होती.

नजाशींची नमाजे-जनाजा

नजाशींनी शेवटी इस्लाम स्वीकारला होता, असं मुसलमानांची परंपरा सांगते. ते वारले त्याच दिवशी प्रेषितांनी (सल्ल.) मदीनेत साथीदारांना ही खबर दिली, सफ बांधल्या आणि चार तकबीरींनी त्यांची नमाजे-जनाजा पढवली. समोर मय्यत नव्हती.

गायबाना नमाजे-जनाजाचा मसला इथूनच येतो. इमाम शाफई आणि इमाम अहमद यांच्या मते अशी नमाज जायज आहे. हनफी आणि मालिकी उलमा म्हणतात की ती नजाशींपुरती खास बाब होती. आपल्या महाराष्ट्रात दोन्ही मतं घराघरांत आहेत. कोकणातले आपले बांधव शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात एकाच मोहल्ल्यात कुणी गायबाना नमाज पढतं, कुणी पढत नाही. यावरून भांडण करायचं कारण नाही. दोघांचा दाखला एकाच घटनेचा आहे, समजून घेण्यात फरक आहे.

आपल्या घरासाठी काय?

हबशाशी महाराष्ट्राचं नातं पुढेही जुळलं. मलिक अंबर याच हबशातून गुलाम म्हणून आले, निजामशाहीचे वजीर झाले आणि त्यांनी खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. नहर-ए-अंबरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या लोकांनी प्यायलं. मुरूडचा जंजिरा सिद्दींचा, तेही मूळचे हबशीच.

आणि तरीही आपल्या बोलण्यात 'हबशी' हा शब्द कसा येतो? एखादं पोर सावळं असलं की चिडवायला. रिश्ता बघायला गेलं की मुलीच्या रंगावरून कुजबुज सुरू होते. हजरत बिलाल (रजि.) हबशी वंशाचे होते. प्रेषितांना (सल्ल.) लहानपणी सांभाळणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) हबशी होत्या. इस्लामच्या पहिल्या मुहाजिरांना छप्पर दिलं ते हबशी राजाने. ज्या घरात ही गोष्ट नीट सांगितली जाईल, तिथे तो शब्द शिवी म्हणून कुणाच्या तोंडी येणार नाही, एवढं तरी आपण करू शकतो.

शेवटी एक छोटा प्रसंग, मुलांना हमखास आवडेल असा. खालिद बिन सईद (रजि.) यांची मुलगी उम्मे खालिद हबशात जन्मली, तिथेच थोडी मोठी झाली. मदीनेत आल्यावर प्रेषितांकडे (सल्ल.) एक नक्षीचं छोटं वस्त्र आलं. हे कुणाला घालू, असं विचारून त्यांनी या चिमुरडीला बोलावलं. आपल्या हाताने तिला ते घातलं आणि नक्षीकडे बोट दाखवून म्हणाले, "सनाह, सनाह." हबशाच्या भाषेत सनाह म्हणजे छान. अरबीत छान म्हणायला शब्दांची कमी नव्हती. पण पोर ज्या भाषेत वाढलं त्या भाषेतला शब्द त्यांनी वापरला.

मराठीत बोलणाऱ्या, मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना दीन त्यांच्या भाषेत सांगताना हा शब्द आठवावा. येत्या मुहर्रममध्ये मदीनेची गोष्ट सांगाच. पण त्याआधी एका रात्री जेवणं झाली की मुलांना जवळ घ्या आणि शुऐबाच्या किनाऱ्यावरच्या त्या दोन गलबतांपासून सुरुवात करा. अल्लाह आपल्याला खरं बोलण्याची हिंमत, शेजाऱ्याचे उपकार मानण्याची बुद्धी आणि मजलूमाला आसरा देण्याची तौफीक देवो. आमीन.